पिंग कमांडला 'नो बफर स्पेस अव्हेलेबल' येतंय

जळगावकर: गल्लोगल्ली नेट देतो, लिनक्स बॉक्सच राउटर आहे, संध्याकाळी लोक घरी आले की पिंगला हा एरर येतो, रॅम निम्मी रिकामी, डब्ल्यूमेम (पाठवायच्या डेटाचा बफर) वाढवलं तरी फरक नाही भो

भुसावळवाला: रॅमचा संबंध नाही भाऊ. डीमेसेजमध्ये (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) 'नेबर टेबल ओव्हरफ्लो' दिसतंय का?

जळगावकर: ओळीच्या ओळी!

भुसावळवाला: मग एआरपी टेबल, म्हणजे कोणत्या आयपीचं हार्डवेअर पत्ता कोणता ही यादी, भरलंय. जीसी_थ्रेश३, म्हणजे त्या यादीची कमाल मर्यादा, डिफॉल्ट १०२४ असतं, त्याच्यावर नवीन नोंदच होत नाही आणि कर्नल हाच एरर देतो. सिसकंट्रोलने (कर्नलची सेटिंग बदलणारी कमांड) ४०९६ कर, थ्रेश१, थ्रेश२ पण त्या हिशोबात वाढव, कॉन्फ फाइलीत लिही, नाहीतर लाइट गेली की परत १०२४

धुळेकर: 'आयपी नेबर'मध्ये (हीच यादी दाखवणारी कमांड) फेल्ड, इनकम्प्लीट म्हणजे उत्तर न आलेल्या नोंदी खूप असतील तर कोणीतरी सबनेट स्कॅन करतंय, म्हणजे नेटवर्कमधले सगळे पत्ते चाचपतंय, मास्क १६ चा असेल, म्हणजे सबनेट फार मोठं असेल, तर आधी तो आवळा