मदत हवी आहे: छोट्या कारखान्याचे मेल आणि हिशेब सुरक्षित कसे ठेवायचे?

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचा सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. ऑर्डरी मेलवर, ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर, हिशेब टॅलीत. ऑगस्ट 2023 मध्ये जीएसटीच्या ई-इन्व्हॉइससाठीची वार्षिक उलाढालीची मर्यादा 5 कोटींवर आली, तेव्हापासून तेही आलं. सगळा धंदा संगणकावर गेला, पण तो सांभाळणारा आयटीवाला आमच्याकडे नाही.

गेल्या आठवड्यात स्टील पुरवठादाराच्या नावाने मेल आला: बँक खातं बदललंय, या वेळचं पेमेंट नव्या खात्यात करा. लेटरहेड तेच, बिल नंबरही बरोबर. फक्त मेलच्या पत्त्यात 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटून टाकलेले (rn, पटकन m सारखंच दिसतं). आमच्या अकाउंटंट ताईंनी पुरवठादाराच्या जुन्या नंबरवर फोन लावला म्हणून पैसे वाचले. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच!

पण बिल नंबर बाहेर गेला कसा? मेल त्यांचा फुटला की आमचा, हे कसं शोधायचं? कोणी गुपचूप ऑटो-फॉरवर्ड (आलेला प्रत्येक मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जाणं) लावून ठेवलं असेल तर ते कुठे दिसतं?

दुसरं म्हणजे, टॅलीचा बॅकअप कायम जोडलेल्या हार्ड डिस्कवर जातो. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तर दोन्ही एकदमच जातील. क्लाउड घ्यावा, की दोन डिस्क आलटून पालटून काढून ठेवाव्यात?

सायबर हल्ला झाला तर सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) 6 तासांत कळवायचा 2022 चा नियम आहे. आपल्यासारख्या छोट्या कंपनीतून कोणी तशी तक्रार केली आहे का? पुण्यात यातलं कळणारा, परवडणारा माणूस माहीत असेल तर कृपया सुचवा.