मदत हवी आहे : ध्रुवीय हवेतील टिकाऊ रसायनांविषयी

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात विज्ञान शिकवतो आणि नववीच्या मुलांसाठी ध्रुवीय प्रदेशातील हवेवर एक पाठ तयार करत आहे. जवळपास शेती नाही, मोठे कारखाने नाहीत, अशा कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील अलर्ट आणि स्वालबार्ड या नॉर्वेच्या ध्रुवीय बेटांवरील झेपेलिन या केंद्रांवर १९९० च्या दशकापासून हवेचे नमुने तपासले जातात आणि त्यांत पीसीबी (पूर्वी विजेच्या उपकरणांतील तेलात वापरले जाणारे रसायन), हेक्झाक्लोरोबेन्झिन (पूर्वीचे बुरशीनाशक), इतकेच नव्हे तर एंडोसल्फान हे कीटकनाशकही आढळले आहे. उष्ण प्रदेशात वाफ होऊन उडायचे, थंडीत खाली बसायचे, पुन्हा उडायचे, असे टप्पे घेत ही रसायने उत्तरेकडे सरकतात आणि शेवटी सील व अस्वलांच्या चरबीत साठतात.

एंडोसल्फानपाशी मात्र मी थांबलो आहे, कारण २०११ मध्ये बंदी येईपर्यंत आमच्याकडे कपाशीवर त्याची फवारणी होत असे. मुले नक्की विचारतील, ‘सर, आपल्या वावरातले औषध तिथवर गेले असेल का?’ त्यांना प्रामाणिक उत्तर मिळायला हवे. नमुन्यातील रसायन कोणत्या प्रदेशातून आले हे वाऱ्याचा मार्ग मागे शोधत कसे ठरवतात, आणि बर्फातून व समुद्रातून पुन्हा हवेत येणारा जुना साठा वेगळा कसा ओळखतात, हे कोणी जाणकार सोप्या मराठीत समजावून सांगतील का? स्वालबार्डमधील भारताच्या ‘हिमाद्री’ केंद्रात काम केलेले कोणी आपल्यात असल्यास त्यांनी मुलांशी फोनवर थोडा वेळ बोलावे, अशी मनापासून विनंती आहे.