आंब्याच्या खोडावरचे करडे चट्टे: रोग की दगडफूल?

परसदार (चिपळूण परिसर)

नमस्कार. आमच्या परसात वडिलांनी लावलेला चाळीसएक वर्षांचा रायवळ आंबा, दोन फणस आणि दहाबारा पोफळी आहेत. पाऊस उघडल्यावर पाहिले तर आंब्याच्या खोडावर तळहाताएवढे करडे-पांढरे चट्टे दिसतात, फणसाच्या गुळगुळीत सालीवर पांढऱ्या डागांत बारीक काळ्या रेघा उमटल्या आहेत आणि पोफळींच्या उत्तरेकडच्या बाजूला नारिंगी रंगाचा थर बसला आहे. बागकामाला येणारे गृहस्थ म्हणतात की ही बुरशी झाडाचा रस शोषते, तेव्हा सगळे खोड काथ्याने घासून त्यावर मोरचूद आणि चुना फासावा. आंब्याचा मोहोर दोन वर्षे कमी झाला आहे, हे खरे. पण त्याचे कारण हेच आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

भिंगवाला (पुणे, निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक)

कृपया घासू नका. वर्णनावरून आंबा आणि फणसावर आहेत ती शैवाके, म्हणजे आपण ज्याला दगडफूल म्हणतो त्याची भावंडे. शैवाक ही एक वनस्पती नव्हे. बुरशीच्या तंतूंनी बांधलेल्या घरात सूक्ष्म शेवाळ राहते, ते उन्हात अन्न तयार करते आणि बुरशी त्याला आसरा व ओल पुरवते. हे दुहेरी स्वरूप स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडले, तेव्हा त्या काळच्या नामवंत शैवाकतज्ज्ञांनी ते धुडकावून लावले होते. अन्न घरातच तयार होत असल्यामुळे शैवाकाला झाडाचा रस लागत नाही. त्याचे धागे सालीला धरून ठेवण्यापुरते असतात. बांडगुळासारखे ते खोडात मुळे घालत नाही.

मग मोहोर कमी आणि चट्टे जास्त, असे एकदम का दिसते? झाड म्हातारे किंवा अशक्त झाले की पाने विरळ होतात, खोडावर जास्त ऊन पडते आणि तेच शैवाकाला मानवते. दुखणे आधीचे असते, चट्टा मागून येतो आणि दोष मात्र चट्ट्यावर जातो. मोहोराचे कारण मुळांत, खतात, हवामानात आणि झाडाच्या वयात शोधावे.

ओळख पटवण्यासाठी कोरड्या दिवशी चट्ट्यावर थोडे पाणी शिंपडा. करडा रंग मिनिटा-दोन मिनिटांत हिरवटपणाकडे झुकेल, कारण वरचा थर भिजला की पारदर्शक होतो आणि खालचे शेवाळ दिसू लागते. एका कडेला नखाने अगदी थोडे खरवडले, तर हा हिरवा थर उघडाच दिसतो. पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी कीड) असेल तर तो नखाखाली चिरडून ओल येईल. फणसाला आणि आंब्याला पावसाळ्यात होणारा गुलाबी रोग मात्र खरा रोग आहे. त्यात फांदीवर आधी कोळिष्टकासारखी पांढरी जाळी व मग गुलाबी पापुद्रा दिसतो आणि पुढची फांदी वाळत जाते. तुमच्या खोडावर तसे काही दिसत नाही.

आता फणसाकडे वळतो, कारण तुमच्या परसातले सर्वांत सुंदर शैवाक तेथेच आहे. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन त्या काळ्या रेघा पाहा. मोडीतल्या अक्षरांसारख्या त्या वळतात, फाटे फोडतात आणि प्रत्येक रेघेच्या मधोमध एक बारीक फट असते. त्या फटीत बुरशीचे बीजाणू तयार होतात. या वंशाचे शास्त्रीय नाव ग्राफिस असून ते लिहिण्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. पोफळीवरचा नारिंगी थर म्हणजे ट्रेंटेपोलिया नावाचे शेवाळ. कुळाने ते हिरवे शेवाळ आहे, पण गाजरात असते त्या जातीच्या रंगद्रव्यामुळे ते नारिंगी दिसते. पोफळीवर ते एकटे राहते, तर फणसावरच्या ग्राफिसच्या आत त्याच वंशाचे शेवाळ बुरशीशी घरोबा करून असते. म्हणजे एका परसात ते मोकळे आणि संसारात, अशा दोन्ही रूपांत तुम्हाला पाहता येईल.

हापूसवाला (देवगड तालुका)

सरांचे म्हणणे पटते, पण बागायतदाराची बाजूही मांडतो. आम्ही एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात बोर्डो पेस्ट करून खोडाला बुंध्यापासून साधारण एक मीटरपर्यंत लावतो. ती बुरशीजन्य रोगांपासून साल वाचवण्यासाठी असते, चट्टे घालवण्यासाठी नव्हे. काथ्याने घासून साल सोलली तर जखमेतून नको ते आत शिरते, असा माझा अनुभव आहे. पेस्ट लावायचीच असेल तर बुंध्याला लावा आणि वरचे खोड तसेच ठेवा.

मसाल्याचा डबा (नाशिक)

प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारते. गोड्या मसाल्यात आपण तेलावर परततो ते दगडफूल आणि हे एकच का? परसातले खुडून वापरता येईल का?

भिंगवाला

ताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. बाजारातले दगडफूल मुख्यतः पार्मोट्रेमा आणि त्याच्या जवळच्या वंशांतले असते. ते मोठ्या प्रमाणावर हिमालयाच्या पायथ्याच्या व मधल्या उंचीच्या जंगलांतून येते आणि नाव दगडाचे असले तरी बरेचसे झाडांच्या सालीवरून काढतात. डब्यातला एक तुकडा कोमट पाण्यात टाका. कुरकुरीत पापुद्रा मऊ पडून पानासारखा उलगडेल, त्याची एक बाजू करडी व दुसरी काळी दिसेल आणि काळ्या बाजूला मध्यभागी आखूड केसांसारखे धागे सापडतील. परसातले मात्र खाऊ नका. शैवाकाला मुळे नसतात. ते हवेतून आणि पावसातून येईल ते सर्व शोषून घेते, त्यात धूर आणि जड धातूही आले. शिवाय ती जात खाण्याची आहे की नाही, हे नुसते पाहून ठरत नाही.

याच शोषण्यामुळे शैवाके हवेची परीक्षा करतात. नायलँडर या अभ्यासकाने १८६६ मध्ये नोंदवले की पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत जी शैवाके आहेत, ती शहरात इतरत्र सापडत नाहीत. पुढे ती त्या बागेतूनही गेली. परसात निरनिराळ्या जाती असणे हे हवा बरी असल्याचे लक्षण मानायला हरकत नाही.

सातारकर

पाऊस आणि वाऱ्यानंतर महाबळेश्वरात रस्त्याकडेला पडलेल्या काटक्या मी नेहमी पाहतो. त्यांवर हिरवट-करड्या दाढीसारखे उस्निया नावाचे शैवाक सापडते. त्याचा ओला धागा दोन्ही टोकांनी हळू ताणला की वरचे आवरण तुटते आणि आत रबरासारखी लवचीक पांढरी दोरी दिसते. जिवंत झाडावरचे ओरबाडू नये, पडलेल्या काटकीवर ही परीक्षा होते. परसदार, तुमच्या जांभ्याच्या गडग्यावरही पाहा. दगडावरच्या जाती खोडावरच्यांपेक्षा निराळ्या असतात. गडगा धुऊन काढण्याची आता पद्धत पडली आहे, ती तेवढी टाळा.

परसदार

सर्वांचे मनापासून आभार. काथ्या आणि मोरचूद परत ठेवले आहे. काल रात्री नोटा तपासण्याची जांभळी बॅटरी खोडावर धरली, तेव्हा आंब्यावरचा मोठा चट्टा स्पष्ट पिवळा चमकला आणि त्याला लागून असलेला, दिवसा अगदी तसाच दिसणारा दुसरा चट्टा अंधारातच राहिला. या दोन निराळ्या जाती असाव्यात का?

भिंगवाला

निराळ्या असाव्यात. आपल्याकडे आंब्यावर आणि माडावर पिक्सिन कोकोइस ही जात सर्रास असते. तिच्यातल्या लायकेझँथोन या द्रव्यामुळे ती अशा प्रकाशात पिवळी चमकते. शेजारी न चमकणारी डिरिनारिया असू शकेल, पण नक्की नाव सूक्ष्मदर्शक आणि रासायनिक चाचणीशिवाय देऊ नये. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांवर कित्येक दशके काम झाले आहे आणि तेथे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. तूर्त एक करा. चट्ट्यावर बटरपेपर धरून पेन्सिलीने कडा उतरवा आणि तारीख घाला. शैवाक वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. प्रत्येक कडेला दोन मिलिमीटर धरले तर दहा सेंटिमीटर रुंदीच्या चट्ट्याला पंचवीस वर्षे लागली असणार.

परसदार

म्हणजे तो चट्टा वडील हयात असतानाचा आहे. कागद आजच लावतो.