शब्दचर्चा: चेंडूतली हवा 'उतरली' की 'उतरवली'?

सायंतारा
जाणकारांची मदत हवी आहे. आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी अमेरिकन फुटबॉलमधल्या 'डिफ्लेटगेट' (चेंडूतली हवा मुद्दाम काढल्याच्या आरोपाच्या) प्रकरणावर लेख लिहिते आहे. १८ जानेवारी २०१५ला न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स यांचा सामना झाला. चेंडूत दर चौरस इंचाला १२.५ ते १३.५ पौंड दाब हवा, असा नियम. मध्यंतरात पेट्रियट्सचे ११ चेंडू मोजले, ते सगळे १२.५च्या खाली भरले. मे महिन्यात वकील टेड वेल्स यांचा २४३ पानी अहवाल आला आणि पाठोपाठ लीगने (नॅशनल फुटबॉल लीगने) शिक्षा सुनावली. संघाला १० लाख डॉलर दंड, २०१६च्या पहिल्या फेरीतला आणि २०१७च्या चौथ्या फेरीतला नवा खेळाडू निवडण्याचा हक्क गेला, आणि संघाचा प्रमुख खेळाडू टॉम ब्रेडी चार सामने बाहेर.

आता माझी अडचण. ब्रेडीने स्वतः हवा काढली, असं अहवालात कुठेही नाही. संघाच्या दोन कर्मचाऱ्यांनी मुद्दाम हवा काढली असण्याचा संभव नसण्यापेक्षा अधिक आहे, आणि ब्रेडीला त्याची निदान साधारण जाणीव असण्याचा संभवही नसण्यापेक्षा अधिक आहे, एवढंच आहे. मी लिहिलं, 'ब्रेडीला कुणकुण असावी.' संपादकांनी केलं, 'ब्रेडीला माहीत होतं.' मथळा दिला, 'चेंडू छेडछाडीची शिक्षा'. शिक्षा न्याय्य होती का, हाच लेखाचा प्रश्न आहे आणि तो या शब्दांवरच उभा आहे. 'माहीत होतं' असं छापलं की निकाल आपणच देऊन मोकळे होतो. काय लिहावं?

हरळी
आधी मथळ्यातली 'छेडछाड' काढा. हा या अर्थाने हिंदीतून उचललेला शब्द आहे. मराठीत छेडछाड बाईमाणसाची होते आणि तक्रार पोलीस चौकीत जाते. 'छेडणे' म्हणाल तर आपण तार छेडतो, सूर छेडतो, आंदोलन छेडतो. चेंडू कोण छेडतं? 'फेरफार' हा सरळ मराठी शब्द असताना उसनवारी कशाला?

कोपरा_कट्टा
हरळी, मार्च २०१८मध्ये केपटाऊनला ऑस्ट्रेलियाच्या बॅनक्रॉफ्टने क्रिकेटच्या चेंडूवर सँडपेपर घासला तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी 'चेंडू कुरतडला' असं लिहिलं. कुरतडतो उंदीर. तरी एकाही वाचकाला कळलं नाही असं झालं नाही. वापरात आला तो शब्द आपला. छेडछाड आज प्रत्येक क्रीडापानावर आहे, ती काढायला कुणाच्या घरी जाणार?

तलाठी_सजा
'फेरफार'बद्दल एक. माझी सगळी नोकरी महसुलात गेली. आमच्याकडे फेरफार म्हणजे हक्काची रीतसर नोंद. बाप गेला की वारसाचा फेरफार होतो, खरेदीखत झालं की फेरफार होतो. त्यात लबाडी काही नाही. तेव्हा 'चेंडूत फेरफार' वाचून मला तरी गुन्हा दिसत नाही. 'हिशेबात फेरफार केला' म्हटलं तर दिसतो, हे मान्य. म्हणजे हा शब्द निर्दोष आणि दोषी दोन्ही आहे. सायंताराताईंच्या प्रकरणाला कदाचित म्हणूनच बरा बसेल.

भुसार_गल्ली
मला 'मापात पाप' याहून नेमकं काही सुचत नाही. सगळं भांडण मापाचंच आहे ना? आणि शिक्षेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आमच्या गल्लीत वैधमापनाचा निरीक्षक आला आणि वजनात खोट निघाली तर तो मालकाला धरतो. नोकराने केलं, मला ठाऊक नव्हतं, हे कुणी ऐकत नाही. वजन तुझ्या दुकानातलं, जबाबदारी तुझी. २००६पासून त्या लीगमध्ये प्रत्येक संघ आक्रमणाला स्वतःचे चेंडू वापरतो, आणि ही मुभा मागणाऱ्यांत ब्रेडी पुढे होता असं वाचलं आहे. स्वतःचं माप वापरायची सवलत मागून घेतली तर त्या मापाचा भारही उचलावा. संघाचा दंड रास्त होता. त्यातून हाच संघ २००७मध्ये समोरच्या संघाच्या खुणांचं चित्रण केल्याबद्दल अडीच लाख डॉलर आणि पहिल्या फेरीचा हक्क गमावून बसला होता, प्रशिक्षकाला पाच लाख वेगळे. दुसऱ्यांदा सापडलेल्याला जास्तच बसायला हवं.

चार्ल्सकाठ
भुसार_गल्ली, तुमचा निरीक्षक प्रमाणित वजन घेऊन येतो. इथे तेच नव्हतं, आणि माझा सगळा आक्षेप तिथेच आहे. मी बॉस्टनजवळ राहतो, पण पेट्रियट्सचा भक्त म्हणून बोलत नाही, भौतिकशास्त्र शिकवतो म्हणून बोलतो.

आकडे बघा. खोलीत साधारण २२ अंश सेल्सिअसला चेंडू १२.५ला भरला. त्यात वातावरणाचे १४.७ मिळवा, २७.२ झाले. मैदानावर साधारण ९ अंश. केल्व्हिनमध्ये २९५वरून २८२. गुणोत्तर लावलं की २६ येतात, त्यातून १४.७ वजा केले की ११.३. कुणी सुईला हात न लावता! वेल्स यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या एक्स्पोनंट कंपनीनेही हेच गणित करून ११.३२ ते ११.५२ हा पल्ला दिला.

आता मोजलं कशाने? पंचांकडे दोन दाबमापक होते, दोघांत ०.३ ते ०.४५चा फरक. मध्यंतरात एकावर ११ चेंडूंची सरासरी आली ११.४९, म्हणजे पल्ल्याच्या आत. दुसऱ्यावर ११.११, म्हणजे बाहेर. सामन्याआधी कुठला मापक वापरला? मुख्य पंच वॉल्ट अँडरसन यांना आठवत होतं त्याप्रमाणे जास्त दाखवणारा, ज्यावर लीगचं चिन्ह होतं तो. तो धरला तर ११.४९शी तुलना करायची आणि गुन्ह्याचा पुरावाच विरघळतो. अहवालाने मात्र निष्कर्ष काढला की त्यांनी दुसराच वापरला असावा. सामन्याआधीचे आकडे कागदावर कुणी लिहूनच ठेवले नव्हते. कोल्ट्सचे चेंडू मध्यंतरात मोजले फक्त चार. ज्या मापाची नोंद नाही त्या मापात पाप कसं शोधता?

आणि कृपा करून 'दबाव' लिहू नका, हवेचा 'दाब' असतो. दबाव राजकीय. आपण रक्तदबाव म्हणत नाही.

पेठेतला
आम्ही कोल्हापूरची फुटबॉलवाली माणसं. बॉल मऊ पडला की आम्ही म्हणतो 'हवा उतरली'. कुणी मुद्दाम केलं असेल तर 'उतरवली'. ताई, तुमचं सगळं भांडण या एका 'व'मध्ये आहे बघा. सरांच्या हिशेबाने हवा उतरली, वेल्स साहेबांच्या हिशेबाने उतरवली. मथळ्यात हे दोन्ही टाका की.

सायंतारा
पेठेतला, हे सुंदर आहे, यावर नक्की विचार करते. पण चार्ल्सकाठ, गणिताने सगळं सुटत नाही. जिम मॅकनॅली नावाचा कर्मचारी पंचांना न विचारता चेंडूंच्या पिशव्या घेऊन मैदानाकडे निघाला, वाटेत स्वच्छतागृहात शिरला आणि जेमतेम पावणेदोन मिनिटांत बाहेर आला. त्याच्या जुन्या संदेशांत त्याने स्वतःला 'हवा काढणारा' म्हटलं होतं. संघाचं स्पष्टीकरण असं की ते वजन कमी करण्याबद्दल होतं. ते मला पटत नाही. आणि ब्रेडीने चौकशीच्या काळात आपला फोन नष्ट करवला. तेव्हा संशयाला जागा होती हे मी मानते. माझा प्रश्न आहे, एवढ्या संशयावर एवढी शिक्षा का?

निर्वाळा
वकिली करतो, म्हणून शब्दांपुरतं सांगतो. आपल्याकडे फौजदारी खटल्यात आरोप 'वाजवी संशयापलीकडे शाबीत' व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात संभवाचं पारडं जिकडे झुकेल तिकडे निकाल. वेल्स अहवालाची कसोटी ही दुसरी आहे. त्यामुळे 'दोषी ठरला' नको, 'शाबीत' तर नकोच. 'ठपका ठेवला' लिहा. ठपक्यात आरोपापेक्षा जास्त आणि गुन्हासिद्धीपेक्षा कमी असं वजन आहे, आणि तो चौकशी अहवालातच ठेवला जातो.

'कुणकुण' मात्र मला कमी वाटते. कुणकुण लागते ती बाहेरून, उडत उडत. शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरल्याची कुणकुण लागते. अहवालाला म्हणायचं आहे की ब्रेडीला बारीकसारीक तपशील नसेल पण काय चाललंय याची समज होती. 'कल्पना होती' लिहा.

आणि लेखात एक गोष्ट टाकाच. मेमध्ये शिक्षा दिली ती या 'कल्पना होती'च्या पायावर. ब्रेडीने अपील केलं, ते ऐकलं खुद्द लीगचे प्रमुख रॉजर गुडेल यांनी. २८ जुलैला त्यांनी शिक्षा कायम केली तेव्हा भाषा बदलली होती: त्याला माहीत होतं, त्याची संमती होती, त्याने त्या कर्मचाऱ्यांना बक्षिसं दिली. शिक्षा तेवढीच, पण दोष वर चढला. ज्याने शिक्षेला मान्यता दिली त्यानेच अपील ऐकायचं आणि ऐकताना आरोप वाढवायचा, याला मी न्याय म्हणणार नाही. माझ्या दृष्टीने अन्याय चार सामन्यांत नाही, या पायरीत आहे.

भुसार_गल्ली
पण ते अधिकार खेळाडूंच्या संघटनेनेच करारात सही करून दिले होते ना?

निर्वाळा
दिले होते, आणि म्हणूनच ब्रेडी शेवटी हरला. ३ सप्टेंबर २०१५ला न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी शिक्षा रद्द केली, कारण अशा कृत्याला सामन्यांबाहेर बसवलं जाईल अशी पूर्वसूचना खेळाडूला नव्हती. २५ एप्रिल २०१६ला वरच्या न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ती पुन्हा लागू केली. त्यांनी शिक्षा योग्य आहे असं म्हटलं नाही. करारानुसार लवाद म्हणून गुडेल यांना तो अधिकार आहे, आम्ही त्यात पडणार नाही, एवढंच. विरोधी मत देणारे मुख्य न्यायाधीश कॅट्झमन यांनी विचारलं की गुडेल यांनी या कृत्याची तुलना उत्तेजक औषधांशी का केली. हाताला चिकट पदार्थ लावण्याशी का नाही, ज्याला पहिल्या वेळी काही हजार डॉलरचा दंड असतो? मला हा त्या सबंध प्रकरणातला सगळ्यात सरळ प्रश्न वाटतो.

कोपरा_कट्टा
त्याच मोसमात, नोव्हेंबर २०१४मध्ये, मिनेसोटाच्या थंडीत मैदानाकडेला हीटरपाशी चेंडू ऊबवताना चेंडू सांभाळणारी मुलं कॅमेऱ्यात दिसली. लीगने नुसती ताकीद दिली. ताकीद आणि १० लाख डॉलर, दोन्ही चेंडूंबद्दलच!

हरळी
'ऊबवताना' नव्हे, 'शेकताना' म्हणा. उबवते कोंबडी. शिवाय 'ताकीद' अरबी आहे, 'समज दिली' हा आपला प्रयोग.

अक्षरवेल
अरबी शब्द हाकलायचे तर 'अद्दल'ही जाईल. अद्दल घडवणे यातला अद्दल हा अरबी 'अद्ल', म्हणजे न्याय. अदालत आणि आदिलशाहीतला आदिल त्याच घराण्यातले. म्हणजे मूळ न्याय, मराठीत आल्यावर झाली जरब. आणि 'शिक्षा' मूळची संस्कृतात शिकवण. या प्रकरणात अद्दल घडवली गेली असं मला वाटतं, शिकवण कमी. एका मोठ्या संघाला झुकवून बाकी एकतीस संघांना दाखवायचं होतं.

हरळी
अद्दलमध्ये लक्षात राहण्याचा अर्थ आधी आहे, न्यायाचा नाही. आजी 'चांगली अद्दल घडली' म्हणायची तेव्हा ती अदालतीबद्दल बोलत नव्हती.

पेठेतला
सचिनचं कुणी बोललंच नाही! २००१, पोर्ट एलिझाबेथ. सामनाधिकारी माइक डेनेसने सचिनला मानधनाच्या ७५ टक्के दंड आणि एका सामन्याची बंदी, ती स्थगित. पंचांना न सांगता शिवणीतली घाण काढली म्हणून. चेंडू खराब केला असा ठपका कागदावर नव्हता, पण गावभर झालं तेच. तेव्हा आम्ही सगळे चिडलो होतो. ब्रेडीवाले चिडले तर त्यांचं चुकलं कुठे?

तलाठी_सजा
एक राहिलंच. ताई, लेखात ब्रेडीचं 'निलंबन' लिहिलं आहे का? आमच्या सेवानियमांत निलंबन ही शिक्षाच नाही. चौकशी चालू असताना माणसाला बाजूला ठेवतात, निर्वाह भत्ता देतात, निर्दोष सुटला तर परत घेतात. ब्रेडीचं उलटं झालं. चौकशी संपली, मग बाहेर काढला, आणि त्या चार सामन्यांचा पगारही नाही. निलंबन वाचून आमच्यासारख्याला वाटेल की निकाल अजून लागायचाय.

सायंतारा
लिहिलंय, सहा ठिकाणी! मग 'बंदी' करू?

हरळी
बंदी वस्तूवर किंवा कृतीवर येते. दारूबंदी, नसबंदी, नोटाबंदी. माणसाला 'मज्जाव' करतात.

कोपरा_कट्टा
केपटाऊननंतर 'स्मिथवर १२ महिन्यांची बंदी' हे सगळ्या महाराष्ट्राने वाचलं आणि सगळ्या महाराष्ट्राला कळलं. मज्जाव देवळाच्या पाटीवर शोभतो.

चार्ल्सकाठ
बंदी लिहा, पण तिच्यापुढे हेही लिहा की मध्यंतरानंतर पंचांनी चेंडू पुन्हा नीट भरून दिले आणि पेट्रियट्सनी त्या भरलेल्या चेंडूंनी आणखी २८ गुण केले. १७-७चे ४५-७ झाले ते त्यानंतर.

भुसार_गल्ली
सर, गिऱ्हाइकाला माल चांगला मिळाला म्हणून खोटं वजन माफ होत नाही.

तलाठी_सजा
  सायंताराताई, 'चार सामने खेळण्यास अपात्र' असं लिहिलं तर? अपात्रता आमच्याकडे ठरावीक मुदतीचीही असते, सरपंचाची असते तशी.