मदत हवी आहे: आयव्हीएफ चालू असताना दोघांच्याही मनावरचा ताण मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. हे विचारायला ओळखीतलं कोणी नाही आणि घरात विषय काढावा अशी परिस्थिती नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. आधी गोळ्या झाल्या, मग आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात ते), आता दादरच्या एका क्लिनिकमध्ये आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार, चालू आहे. तपासण्यांत थोडं कारण तिच्याकडे निघालं, थोडं माझ्याकडे. औषधोपचाराबद्दल तक्रार नाही, डॉक्टर नीट समजावून सांगतात. माझा प्रश्न वेगळा आहे.

मध्यंतरी इंजेक्शनं चालू असताना सिस्टरने बायकोच्या हातात एक झेरॉक्स दिली. वर 'पीएचक्यू-९' असं लिहिलेलं. नऊ प्रश्न, 'गेल्या दोन आठवड्यांत पुढील त्रास किती वेळा झाला', आणि समोर चार रकाने, 'अजिबात नाही' पासून 'जवळजवळ रोज' पर्यंत. तिने पर्स मांडीवर ठेवून त्यावर तो कागद भरला. एका बाजूला मी बसलो होतो, दुसऱ्या बाजूला माझी आई. आई दर वेळी सोबत येते, सुनेच्या काळजीपोटीच येते. झोप, थकवा, भूक या तिन्हींवर बायकोने सरळ 'जवळजवळ रोज' वर खूण केली. पुढे 'आपण अपयशी आहोत, घरच्यांची निराशा केली असं वाटणं' हा प्रश्न आला तिथे पेन थांबलं. आईच्या बाजूचा हात तिने कागदावर आडवा धरला आणि 'अजिबात नाही' वर खूण करून पुढे गेली. ते उत्तर खरं नाही हे मला माहीत आहे. रात्री ती मला नेमकं तेच बोलून दाखवते.

बेरीज १२ आली. सिस्टरने वरच्या कोपऱ्यात लाल पेनने १२ लिहून गोल केला, कागद फाइलला लावला आणि 'उद्या साडेसातला सोनोग्राफी' म्हणाली. त्या बाराचं पुढे काय झालं हे आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. मला तर फॉर्म दिलाच नाही.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. फॉलिकल (बीजांडाची पिशवी) मिलिमीटरमध्ये मोजतात, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मोजतात, माझ्या सॅम्पलमधले शुक्राणू मोजतात आणि त्यातले किती पळतात ते टक्क्यांत सांगतात. देशातली शास्त्रीय नोंदीनिशी पहिली टेस्ट ट्यूब बेबी ६ ऑगस्ट १९८६ रोजी आपल्या परळच्या केईएममध्येच डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून जन्माला आली. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर या शहरात मनाच्या मोजमापासाठीही काहीतरी नीट पद्धत असणारच ना? ती आमच्यापर्यंत का पोचत नाही?

बायकोला सोसायटीतल्या एका डोहाळजेवणाचं बोलावणं आलं नाही. शेजारच्या काकूंनी नंतर घरी येऊन 'तुला वाईट वाटू नये म्हणून' असं कारण दिलं. त्यानंतर दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. त्या नऊ प्रश्नांत असल्या गोष्टीला जागाच नाही. माझंही तसंच. मी रडत नाही, जेवतो, झोपतो. पण चुलतभावाच्या मुलाच्या बारशाला ऑडिटचं निमित्त सांगून गेलो नाही. संध्याकाळी भांडुपला उतरलो की घरी जायला पाय उचलत नाहीत, स्टेशनबाहेर उगाच चकरा मारतो. 'काय मग, पेढे कधी?' असं विचारणाऱ्या सहकाऱ्याच्या अंगावर परवा ओरडलो. मी तो फॉर्म भरला असता तर बेरीज दोन-तीन आली असती आणि सगळ्यांनी मला ठणठणीत म्हटलं असतं.

तर जाणकारांनी कृपया सांगावं. तिच्या १२ मध्ये दुःख किती आणि इंजेक्शनांचा परिणाम किती, हे वेगळं काढता येतं का? मूल न होण्याच्या त्रासासाठीच बनवलेली प्रश्नावली आहे का, आणि ती पुरुषांना चालते का? दोघांनी भरली तर दोन आकडे एकत्र कसे वाचायचे? आणि आकडा वाईट आला तर मुंबईत जायचं कुठे? खासगी थेरपिस्टची फी आत्ता झेपणार नाही, सगळे पैसे क्लिनिकमध्ये चाललेत.

'देवावर भरवसा ठेवा, गोड बातमी येईल' असे प्रतिसाद कृपया देऊ नका. भावना पोचतात, पण ते ऐकून ऐकून दोघंही थकलोय.

पारिजातक:
मुंबईतच वंध्यत्व क्लिनिकमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. आधी तातडीचं सांगते. त्या फॉर्मचा नववा प्रश्न 'जगण्यापेक्षा मेलेलं बरं, स्वतःला इजा करावी असे विचार' याबद्दल असतो. तिथे तुमच्या पत्नीने शून्याखेरीज काहीही लिहिलं असेल तर बाकीची बेरीज बाजूला ठेवा आणि आजच बोला. १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

आता त्या १२ बद्दल. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण ('जवळजवळ रोज' म्हणजे ३), म्हणून या फॉर्मची बेरीज ० ते २७ असते. १० किंवा त्याहून जास्त आली की नैराश्य आहे का हे माणसाने समोर बसून तपासायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. तो आकडा म्हणजे निदान नव्हे. तुमच्या वर्णनावरून झोप, थकवा आणि भूक या तीन प्रश्नांचेच ९ झाले. हार्मोनच्या इंजेक्शनांनी आणि प्रोजेस्टेरॉनने हे तिन्ही होऊ शकतं, त्यात पहाटे उठून सोनोग्राफीला धावायचं. म्हणजे बारातला मोठा वाटा शरीराचा असू शकतो. आणि सासूबाई शेजारी असल्यामुळे जे उत्तर शून्य झालं ते खरं तर दोन किंवा तीन असेल. थोडक्यात, आकडा एका बाजूने फुगलाय आणि दुसऱ्या बाजूने दबलाय. फाइलला लावून ठेवल्याने यातलं काहीच कळत नाही.

हा गोंधळ टाळण्यासाठी हॅड्स नावाची प्रश्नावली वापरतात. १९८३ मध्ये हॉस्पिटलच्या रुग्णांसाठीच बनवली, त्यामुळे शरीराच्या आजारानेही होतील अशी लक्षणं तिच्यातून मुद्दाम वगळलेली आहेत. चिंतेचे सात प्रश्न, नैराश्याचे सात, दोन्हींची बेरीज वेगळी. ८ ते १० म्हणजे लक्ष ठेवायचं, ११ किंवा जास्त म्हणजे नीट तपासायचं. ती मोफत नाही, परवाना लागतो, म्हणून सगळीकडे दिसत नाही.

तुम्ही विचारताय तशी खास प्रश्नावली म्हणजे फर्टिक्यूओएल. युरोप आणि अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संस्थांच्या पुढाकाराने बनली, २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ २४ प्रश्न चार भागांत आहेत: भावना, मन आणि शरीर, जोडीदाराशी नातं, आणि समाज. उपचार चालू असतील तर आणखी १० आणि दोन सर्वसाधारण, असे ३६. डोहाळजेवणाचं बोलावणं न येणं, बारसं चुकवणं हे सगळं त्या समाजाच्या भागात पकडलं जातं. आणि ती बाई-पुरुष दोघांसाठी आहे. एक सांभाळा: तिचे गुण ० ते १०० असतात आणि जास्त म्हणजे चांगलं. पीएचक्यूच्या बरोबर उलट. लोक दोन्ही आकडे शेजारी ठेवून घाबरतात.

आणखी खोलात जायचं तर १९९९ मधली ४६ विधानांची फर्टिलिटी प्रॉब्लेम इन्व्हेंटरी आहे. तिच्यात सामाजिक, लैंगिक आणि नात्यातला ताण तर आहेच, शिवाय 'मुलाशिवायचं आयुष्य कितपत स्वीकारता येईल' आणि 'आई-बाप होण्याची निकड किती' हेही विचारलंय. मला जोडप्यांच्या बाबतीत हे शेवटचे दोन भाग सगळ्यात उपयोगी वाटतात. एकाला दत्तक घेऊन थांबायचं असतं, दुसऱ्याला अजून एक सायकल (आयव्हीएफची एक पूर्ण फेरी) करायची असते, आणि हे दोघं एकमेकांशी कधी बोललेलेच नसतात.

दोन आकड्यांची सरासरी काढू नका. तिचे ३५ आणि तुमचे ७५ याची सरासरी ५५ काढली तर त्या घरात काय चाललंय ते लपून जातं. भाग लावून फरक बघायचा. नात्याच्या भागात तुम्ही 'सगळं ठीक' लिहिलंत आणि तिथेच तिचे गुण कमी आले, तर तिथून बोलायला सुरुवात करायची. पुरुषांचे आकडे बऱ्याचदा चांगले दिसतात. पण चिडचिड, घरी जायची टाळाटाळ, समारंभ चुकवणं हे नैराश्याच्या फॉर्ममध्ये कमी उतरतं. तुम्ही स्वतःबद्दल जे लिहिलंय त्याची दखल मी समुपदेशक म्हणून घेतलीच असती.

मुलुंडकर:
आम्हालाही कोणी विचारलं नव्हतं. मी सरळ रिसेप्शनवर म्हटलं, मलाही फॉर्म द्या. त्यांनी दिला. मागितल्याशिवाय मिळत नाही, एवढंच.

केतकी:
दादा, मी यातून गेलेय म्हणून लिहिते. आमच्याकडे 'टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही' हे वाक्य माझ्या आईपासून कामवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. मग व्हायचं काय, की ताण आलाय हे फॉर्मवर लिहायचीसुद्धा भीती वाटायची. लिहिलं तर सायकल फेल होण्याचा दोष माझ्याच माथी. तुमच्या बायकोच्या मनात हे असेल तर तिला जरूर सांगा: २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण आलं होतं, ३,५८३ स्त्रियांचं. उपचारांच्या आधीचा मानसिक ताण आणि त्या सायकलमध्ये गर्भ राहणं न राहणं यांचा संबंध त्यात दिसला नाही. हे कळलं त्या दिवशी माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. ताण मोजायचा तो तिला त्रास होतोय म्हणून. सायकलच्या निकालाची जबाबदारी तिच्या मनावर टाकायला नको.

आणि 'एवढं काय त्यात, आजारी थोडीच आहेस' म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेत १९९३ मध्ये अ‍ॅलिस डोमार आणि सहकाऱ्यांनी तुलना केली, तेव्हा वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या स्त्रियांची चिंता आणि नैराश्य कॅन्सरच्या रुग्णांइतकं भरलं होतं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. केतकीताई, तुमचा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. 'टेन्शन घेतेस म्हणून' वाले शब्द आले तशी ती म्हणाली, परत वाच. मग बराच वेळ बोललो. नवव्या प्रश्नाचंही विचारलं, तिथे शून्यच आहे आणि ते खरं आहे. तो फॉर्म भरताना आपल्याला काय वाटलं हे तिनेच सांगितलं: 'मला वाटलं, जास्त लिहिलं तर डॉक्टर सायकल पुढे ढकलतील.' हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

पारिजातकताई, अजून दोन गोष्टी. फॉर्म कधी भरावा? आणि आईसमोर भरायचा नसेल तर तिला न दुखावता हे कसं जमवू?

पारिजातक:
निकालाच्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी नको. ट्रान्सफरनंतर (गर्भ गर्भाशयात सोडल्यावर) वाट बघण्याचे दोन आठवडे आणि निगेटिव्ह निकालानंतरचे दिवस सगळ्यात जड असतात. त्या काळातला आकडा वाईट येणारच, आणि तेव्हा आधार आधीपासून ठरलेला हवा. म्हणून पहिला फॉर्म पुढची सायकल सुरू होण्याआधी, इंजेक्शनं चालू नसताना भरा, म्हणजे तुलनेला पाया मिळेल. निकालानंतर दोनेक आठवड्यांनी पुन्हा. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत किंवा वेगवेगळ्या वेळी. भरून झाल्यावर कागद लगेच एकमेकांना दाखवू नका, समुपदेशकासमोर उघडा.

आईंबद्दल: क्लिनिकला सांगा की फॉर्म केबिनमध्ये बसवून द्या. सिस्टरने 'फक्त पेशंट आत' म्हटलं की घरच्यांना वाईट वाटत नाही, तेच तुम्ही म्हटलं तर वाटतं. आम्ही रोज हेच करतो. आकडा जास्त आला म्हणून डॉक्टर परस्पर सायकल रद्द करत नाहीत, हेही पत्नीला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा.

२०२१ च्या एआरटी कायद्यानुसार (आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा कायदा) जोडप्याला उपचारांचे परिणाम आणि यशाची शक्यता यांबद्दल व्यावसायिक समुपदेशन देणं क्लिनिकची जबाबदारी आहे. जोडप्याला म्हणजे तुम्हालाही. तेव्हा समुपदेशकाची वेळ मागताना दोघांच्या नावाने मागा. तिथे दाद लागली नाही तर केईएम, सायन, नायर यांपैकी जे सोयीचं असेल तिथली मानसोपचाराची ओपीडी गाठा, खर्च अगदी कमी येतो. भांडुपहून तुम्हाला सायन जवळ पडेल. सकाळी लवकर जा, रांग असते. फाइलमधल्या त्या १२ च्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून न्या, आणि कोणत्या प्रश्नाला किती गुण होते ते दिसू द्या. नुसती बेरीज सांगितलीत तर पुन्हा पहिल्यापासून विचारतील.

फर्टिक्यूओएल भरून झालं की चारही भागांचे आकडे मला व्यनि करा, इथे टाकू नका.