घरासाठी छोटी पवनचक्की घ्यावी का? घाटमाथ्यावरच्या मंडळींनी सल्ला द्यावा

पठारकर
नमस्कार मंडळी. आमचं घर पाटण तालुक्यात, पठाराच्या कडेला. दारातून वनकुसवड्याच्या पवनचक्क्या दिसतात. जून ते सप्टेंबर लाइटचा भरवसा नसतो. तारेवर झाड पडलं की वायरमनला त्या धुक्यात फॉल्ट सापडेपर्यंत कधीकधी दोन दिवस अंधार. घरात वडील आहेत, त्यांना दम्यासाठी वाफेचं मशीन (नेब्युलायझर) लागतं, त्यामुळे जीव टांगणीला लागतो.

एका विक्रेत्यानं 1 किलोवॅटची पवनचक्की सुचवली आहे. पात्यांचा व्यास 2 मीटर, स्लॅबवरच बसवून देणार, दिवसाला 10 युनिट कुठं गेली नाहीत म्हणतो. पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून सोलर नको असंही त्याचं म्हणणं. कुणी वापरली असेल तर खरं काय ते सांगा.

रोहित्र
पठारकर दादा, एकदम पैसे देऊ नका. 1 किलोवॅट हा आकडा किती वाऱ्याला, ते आधी विचारा. बहुतेक 12 मीटर प्रतिसेकंद सांगतील, म्हणजे ताशी 43 किलोमीटर. असा वारा तुमच्याकडे जुलैत येईलही, पण वर्षभर नाही.

वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठवा हिस्सा होते. 2 मीटर व्यासाच्या वर्तुळातून 4 मीटर प्रतिसेकंदाचा वारा गेला, तर त्यात सगळी मिळून 110 वॅटच्या आसपास शक्ती असते. त्यातली 59 टक्क्यांहून जास्त कुठल्याच पवनचक्कीला घेता येत नाही, हा निसर्गाचाच नियम आहे. लहान यंत्रं 25-30 टक्के घेतात. म्हणजे हातात 30 वॅट. 8 मीटरला 240 वॅट, आणि 12 मीटरला कुठं 800 च्या घरात. वारा कमीजास्त होत राहतो हे धरूनही, सरासरी 4 मीटर वाऱ्याच्या जागी दिवसाला युनिटभर वीज मिळेल. 10 युनिटांचं आश्वासन त्याच्याकडून लेखी मागा, म्हणजे कळेल.

समोरच्या मोठ्या यंत्रांवरून अंदाज बांधू नका. वनकुसवड्याला जी 350 किलोवॅटची यंत्रं लागली, त्यांच्या पात्यांचा व्यास 33 मीटर. तुमच्यापेक्षा 272 पट क्षेत्र, आणि तेही उंचावरच्या मोकळ्या वाऱ्यात.

सडेकर
मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे 1986 सालीच पवनचक्क्या लागल्या होत्या, देशातल्या अगदी पहिल्या प्रकल्पांपैकी एक, 55 किलोवॅटच्या. म्हणून या विषयाची आवड. सड्यावरच्या आमच्या घराला लहान पवनचक्की आहे, तेव्हा अनुभवाचं बोलतो.

स्लॅबवर बसवू नका, कृपा करा. छपरावर आपटून वारा भोवरे घेत वर येतो. पातं एका दिशेला ठरत नाही, सारखं मान फिरवत राहतं, आणि बेअरिंग लवकर जातं. शिवाय खांबातून थरथर थेट स्लॅबमध्ये उतरते. रात्री वडिलांच्या खोलीत ती घरघर ऐकू येईल. दीडशे मीटरच्या आत जे सर्वात उंच झाड किंवा घर असेल, त्याच्याही वर 9 मीटर पातं हवं. म्हणजे वेगळा खांब, चारी बाजूंनी स्टे वायर, आणि ताण धरायला कातळात पक्के अँकर. खांब बुडाशी बिजागरीवर आडवा करता येईल असाच घ्या. आमचा तसा आहे म्हणून मे महिन्यात खाली घेऊन नटबोल्ट आवळता येतात, ग्रीस भरता येतं. नाहीतर चढणार कोण?

बॅटरी भरली की जादा वीज जिरवायला डंप लोड लागतो, नाहीतर यंत्र मोकाट फिरतं. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये तो आहे का बघा. आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वीजवाहक आणि अर्थिंगही बघा, पठारावर सर्वात उंच वस्तू तुमचा खांबच असणार.

माणदेशी
सोलरला पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. तेच घ्या की.

रोहित्र
माणदेशी भाऊ, अनुदानाचं बरोबर आहे, पण इथं एक मोठी मेख आहे. नेट मीटरिंगचं, म्हणजे जादा वीज लाइनला देऊन बिलातून वळती करून घेणारं साधं सोलर लाइट गेली की आपोआप बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय असते. म्हणजे छपरावर भर उन्हात पॅनेल आणि घरात अंधार. पठारकरांची अडचण बिलाची नाहीच, लाइट जाण्याची आहे. त्यांना बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टरच हवा, म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि लाइन तिन्ही जोडता येणारा.

पठारकर
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. लाइट नसताना चालवायचं म्हणजे एलईडी दिवे पाच, मोबाइल, वायफाय आणि वाफेचं मशीन अर्धा तास. फ्रिज नसला तरी चालेल. मग पवनचक्की आणि सोलर दोन्ही मिळून घेऊ का?

रोहित्र
हा सगळा लोड दिवसाला एक युनिटाच्या आतच बसतो. 150 एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या घ्या. निम्म्यापर्यंतच वापरल्या तरी पावणेदोन युनिट मिळतील, म्हणजे दोन दिवस जवळजवळ निघाले. लाइट असेल तेव्हा लाइनवरून भरतील, नसेल तेव्हा किलोवॅटभर पॅनेलवरून. एरवी किलोवॅटला दिवसाला चार युनिट येतात. जुलैत त्याच्या निम्म्यानंही समाधान मानावं लागतं, पण तुमच्या लोडला तेवढं पुरतं. इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हच, म्हणजे लाइनसारखी वीज देणाराच घ्या, वाफेच्या मशीनची मोटर त्यावर नीट चालते. वडिलांसाठी हे पावसाच्या आधी करून टाका, पवनचक्कीसाठी थांबू नका.

सडेकर
रोहित्र यांच्याशी सहमत. पवनचक्कीचा विचार सोडू नका, पण वर्षभर मोजल्याशिवाय घेऊ नका. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा नकाशा बघून हुरळू नका, त्यातले वेग 50 मीटर आणि त्याहून वरच्या उंचीचे असतात. तुमच्या जागेवर 10 मीटरच्या पाइपवर नोंद ठेवणारा वेगमापक लावा. पावसाळा तर जोरात येणारच, खरी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरची. वर्षाची सरासरी 5 च्या वर आली तर इथं आकडे टाका, खांबाचं आणि अँकरचं काय करायचं ते मी सांगतो.

पठारकर
ठीक आहे दादा. या आठवड्यात बॅटरी आणि इन्व्हर्टरची चौकशी करतो. वेगमापकासाठी जुना बोअरचा पाइप घरात आहे, तो चालेल का?

सडेकर
चालेल, पण तीन बाजूंनी ताण द्या आणि घरापासून लांब रोवा.