रोमनांनी नुसती कॉपी नाही मारली
काही जण म्हणतात की रोमन थिएटर म्हणजे ग्रीकांची सरळसरळ कॉपी. नाटकांपुरतं ठीके, पण बांधकामाचं नाही पटलं. ग्रीक डोंगरउतारावर पायऱ्या बसवायचे (ग्रीसमधलं एपिडॉरसचं थिएटर बघा), रोमनांनी कमानी रचून सपाट जागेवरही थिएटरं उभी केली. आणि गंमत म्हणजे खुद्द रोममध्ये इ.स.पू. 55 पर्यंत पक्कं दगडी थिएटर नव्हतंच, सिनेटला (रोमच्या सत्ताधारी सभेला) ते खपायचं नाही, त्याआधी एक बांधायला घेतलेलं चक्क पाडायला लावलं होतं, मग रोमन सेनापती पाँपे महाशयांनी काय करावं, तर प्रेक्षकांच्या डोक्यावर अगदी वरच्या टोकाला व्हीनस देवीचं देऊळ बांधलं आणि म्हणे या तर देवळाच्याच पायऱ्या! भारीच डोकं. सीझरचा खून झाला तोही याच कॉम्प्लेक्समधल्या सभागृहात. शिवाय रोमन पडदा नाटक सुरू होताना वर जायचा नाही, खाली रंगमंचाच्या पुढच्या खाचेत पडायचा.